कंपनीच्या टूरवर निघालात? आधी एटीएम कार्डाची सोय लावा

मृगाचा पाऊस होऊन दोन दिवस झाले होते. बियाण्याला गर्दी होणार म्हणून पहाटे पाचलाच उठलो. मोबाईल हातात घेतला तर बँकेचे सहा मेसेज. रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी पहिला, २ वाजून ५३ मिनिटांनी शेवटचा. दर वेळी चौदा हजारांच्या आसपास, मिळून ८४ हजार. कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात, शर्ट खुंटीला, मी सेलूत, आणि पैसे निघाले होते सातासमुद्रापारच्या कुठल्यातरी एटीएममधून.

भाच्याला फोन लावला. तो झोपेतच म्हणाला, "मामा, तुम्ही पुन्हा बाहेर गेलात की काय?"

गेलो होतो, पण तीन आठवड्यांपूर्वी. माझं कृषी सेवा केंद्र आहे. आमच्या धंद्यात टार्गेट पूर्ण केलं की कंपनी डीलरला टूर देते. आधी गोवा असायचं, मग थायलंड आलं, त्या वर्षी बाली होतं. तिथं एका दुकानाबाहेरच्या एटीएममधून मी दोनदा पैसे काढले. तिथंच कार्डाची नक्कल झाली. चोरानं ती लगेच वापरली नाही, खात्यात खरिपाचा पैसा जमेपर्यंत थांबला असं मी गमतीनं सांगतो. खरं तर त्याला खरीप कशाला माहीत असणार!

पैसे परत मिळाले, पण ऐन हंगामात माझे पंधरा दिवस त्यात गेले. तेव्हापासून आमच्या भागातून कुणी बाहेर निघालं की आधी माझ्या दुकानात येतं. कुणाची उमऱ्याची तयारी, कुणाचं पोरगं एमबीबीएसला किर्गिझस्तानला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला. प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

१. नक्कल होते कशी, तेवढं समजून घ्या

कार्डाच्या पाठीवर काळी पट्टी असते. ती म्हणजे जुन्या कॅसेटची फीत समजा. तिच्यावर कार्डाचा नंबर, मुदत वगैरे एकदा भरलेलं असतं, ते बदलत नाही. कॅसेटवरून कॅसेट भरून घ्यायचो तशी ही पट्टीही दुसऱ्या कार्डावर उतरवता येते. चोर एटीएमच्या फटीवर हुबेहूब तसंच दिसणारं तोंड बसवतात, त्याला स्किमर म्हणतात. तुम्ही कार्ड आत सारलं की पट्टी वाचली जाते. पिनसाठी वर कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढा कॅमेरा असतो, नाहीतर आकड्यांवर दुसरा खोटा कीपॅड चिकटवलेला असतो.

पुढच्या बाजूची सोनेरी चिप वेगळी. ती प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते. बाजार समितीच्या गेटवर कालची पावती आज चालत नाही, तसा चिपचा कालचा आकडा आज चालत नाही. म्हणून चिपची नक्कल करणं फार अवघड. रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सगळी नुसत्या पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यायला लावली ती याच कारणानं.

मग चिप असूनही माझे पैसे गेले कसे? कारण पट्टी अजून कार्डावर आहेच, आणि जगात काही ठिकाणची मशीन अजूनही पट्टीवर पैसे देतात. चोर नक्कल घेऊन बरोबर तिथंच जातो. ही काही एकट्या-दुकट्या भामट्याची कामं नाहीत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली, आणि त्यातली मोठी रक्कम नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली. तिथं बँकेची यंत्रणाच फोडली होती, आपल्यासारखं एकेक कार्ड वाचलं नव्हतं. पण पैसे काढणारी माणसं जगभर कशी पसरलेली असतात ते त्यावरून कळतं.

आता मुद्द्याचं. नेटवर मिळणारे बहुतेक सल्ले 'स्किमर कसा ओळखावा' यावर असतात. मी सांगतो, त्याच्या नादी लागू नका. रात्रीच्या वेळी, परक्या मुलुखात, मागे चार माणसं उभी असताना तुम्हाला-मला ते ओळखू येत नाही. नक्कल होईल असं धरूनच चाला, आणि झाली तरी चोराच्या हाती काही लागू नये अशी व्यवस्था घरूनच करून निघा. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लिहिल्या आहेत.

२. प्रवासाचं खातं वेगळं ठेवा (निघण्याआधी निदान तीन आठवडे)

दुकानाच्या उलाढालीचं, पगाराचं किंवा पीक कर्जाचं खातं ज्या कार्डाला जोडलंय, ते कार्ड कपाटात ठेवून जायचं. मी नेमकं तेच घेऊन गेलो होतो.

दुसरं बचत खातं उघडा, त्याचं डेबिट कार्ड घ्या आणि त्यात दोन-तीन दिवसांच्या खर्चाएवढीच रक्कम ठेवा. संपली की घरी फोन करून मुलाला टाकायला सांगायची. ज्यांना हे कटकटीचं वाटतं त्यांनी फॉरेक्स कार्ड घ्यावं. त्यात आधी पैसे भरायचे असतात आणि ते तुमच्या खात्याला जोडलेलं नसतं, म्हणून गेलं तर भरलं होतं तेवढंच जाईल. पोराला शिकायला पाठवताय तर माझ्या मते फॉरेक्स कार्डच बरं.

इथं तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा ऑटो स्वीपचा. काही खात्यांना मुदत ठेव जोडलेली असते. खात्यात पैसे कमी पडले की ठेव आपोआप मोडून रक्कम खात्यात येते. म्हणजे तुम्ही म्हणणार खात्यात दहाच हजार आहेत, आणि चोर ठेवीतले दोन लाख घेऊन जाणार. प्रवासाच्या खात्याला स्वीप नको, हे शाखेत जाऊन विचारून घ्या.

दुसरा, रुपे कार्डाचा. आपल्याकडं बऱ्याच जणांजवळ, विशेषतः जनधनचं किंवा सहकारी बँकेचं, साधं रुपे कार्ड असतं. ते देशातच चालतं. परदेशात चालणारं रुपे वेगळं असतं. आमच्या ग्रुपमधले एक मानवतचे डीलर तिथं गेल्यावर कपाळाला हात लावून बसले होते.

तिसरा, नव्या कार्डाला पोस्टानं यायला लागणारा वेळ. तालुक्याच्या गावाला कधी आठ दिवस, कधी पंधरा. म्हणून म्हटलं, तीन आठवडे आधी.

३. ॲपमधली बटणं शिकून घ्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक हीच टाळतात.

रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये नियम काढला. नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल. परदेशी वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप करून पैसे देणं हे ग्राहकानं स्वतः चालू करायचं. ही बटणं बँकेच्या ॲपमध्ये 'कार्ड कंट्रोल', 'मॅनेज कार्ड' अशा नावाखाली असतात. ॲप नसेल तर एटीएमवर किंवा बँकेच्या फोन सेवेवरही ते जमतं.

परदेशी वापराच्या आत पुन्हा वेगवेगळी बटणं आहेत: एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, टॅप. प्रत्येकाची मर्यादाही ठरवता येते. मी आता असं करतो:

- परदेशी ऑनलाइन: कायम बंद. आपल्याकडं ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो, पण परदेशी संकेतस्थळांवर बऱ्याचदा नुसत्या नंबरावर आणि मागच्या तीन आकड्यांवर काम होतं. हॉटेलचं बुकिंग वगैरे निघण्याआधीच उरकून घ्यायचं.
- परदेशी एटीएम: बंद. मशीनसमोर उभं राहिल्यावर चालू करायचं, पैसे मोजून पाकिटात गेले की बंद.
- दुकानातलं मशीन आणि टॅप: चालू, पण रोजची मर्यादा दहा हजार.

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर आपण पाणी द्यायचं तेव्हाच दाबतो, रात्रभर चालू सोडत नाही. तसंच हे. सुरुवातीला ॲप उघडताना बोटं अडखळतात, म्हणून निघण्याआधी घरी बसून चार-पाच वेळा चालू-बंद करून बघा. बायकोलाही शिकवा. आमच्याकडं आता तीच माझ्यापेक्षा चपळ आहे.

४. मेसेज आला पाहिजे

चोरी थांबवण्याचं अर्धं काम मेसेज करतो. पण परदेशात सिम रोमिंगवर नसेल तर मेसेज येणारच नाही. लोक तिथलं स्वस्त सिम घालतात आणि आपलं काढून डबीत ठेवतात. दोन सिमचा मोबाईल असेल तर आपलं सिम दुसऱ्या खाचेत राहू द्या, रोमिंग निघण्याआधीच चालू करून घ्या आणि इंटरनेट तिथल्या सिमवरून वापरा. शिवाय बँकेला ईमेल देऊन ठेवा, हॉटेलच्या वायफायवर मेल तरी येईल.

बँकेचा १८०० वाला टोल फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाही. कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या संकेतस्थळावर +९१ नं सुरू होणारा नंबर असतो, तो वहीत लिहून घ्या. वहीतच, कारण मोबाईल हरवला तर मोबाईलमधला नंबर काय कामाचा?

आणि निघायच्या आदल्या दिवशी पिन बदला. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको.

५. एटीएमसमोर

बालीत आयुष्यात पहिल्यांदा मी एटीएममधून दहा लाख काढले. दहा लाख रुपिया, म्हणजे आपले पाच-साडेपाच हजार. मशीनवर नोटांचे स्टिकर होते, ५० हजारांची नोट की एक लाखाची, आणि मी ते शून्य मोजण्यात इतका गुंगलो की कीपॅडवर हात धरायचं राहूनच गेलं. मागे दोघं डीलर हसत उभे. "काढा काढा, शेठ लखपती झाले!" चोराला मी नीट, सावकाश, कॅमेऱ्यासमोर पिन टाकून दाखवला.

म्हणून आता क्रम असा:

पैसे शक्यतो बँकेच्या शाखेच्या आतल्या एटीएममधून, दिवसा काढायचे. दुकानाबाहेर, गल्लीच्या तोंडाशी काचेच्या खोक्यात जी मशीन असतात, तिथं रात्री कुणाचं लक्ष नसतं. बालीत स्किमिंग करणाऱ्या परदेशी टोळ्या पोलिसांनी अनेकदा पकडल्या आहेत, आणि त्यांचा डोळा पर्यटकांच्या मशीनवरच असतो.

कार्ड घालण्याआधी फटीचं तोंड धरून जरा हलवून बघा. सैल लागलं, रंग वेगळा दिसला, तर निघा. मात्र घट्ट लागलं म्हणजे सगळं ठीक, असं नाही. फटीच्या आत सरकवायचं, कागदाएवढं पातळ यंत्रही असतं, ते बाहेरून दिसत नाही.

पिन टाकताना दुसरा हात छत्रीसारखा वर धरा. दरवेळी, मशीन कसलंही असो. पट्टीची नक्कल झाली आणि पिन मिळाला नाही, तर एटीएममधून पैसे निघत नाहीत. एवढं एक केलं असतं तर माझे ८४ हजार गेले नसते.

कार्ड आत अडकलं आणि कुणी 'मदतीला' आलं, 'पुन्हा पिन टाका' म्हणालं, तर टाकू नका. फटीत अडकवणी लावून ठेवणारा तोच असतो. जागा न सोडता तिथूनच ॲपमध्ये कार्ड बंद करा.

तिथल्या काही मशीनमध्ये नोटा आधी येतात आणि कार्ड नंतर. आपल्याला नोटा हातात आल्या की वळायची सवय. आमच्यातल्या एकाचं कार्ड असंच राहिलं.

चोरीशी संबंध नाही, पण सांगून टाकतो: मशीन विचारतं, रुपयांत हिशेब करू की इथल्या चलनात? नेहमी तिथलं चलन निवडा. रुपयांत दिसलं की आपल्याला बरं वाटतं, पण तो दर सहसा महाग पडतो.

६. दुकानात आणि हॉटेलात

कार्ड नजरेआड जाऊ द्यायचं नाही. वेटर कार्ड घेऊन आत निघाला तर उठून त्याच्यामागे काउंटरपर्यंत जा. संकोच वाटतो, मान्य आहे. अमेरिकेत कार्ड आत नेण्याची पद्धतच आहे, तिथं चोराला डेबिट कार्ड कधीच मिळू नये म्हणून क्रेडिट कार्ड द्या. क्रेडिट कार्डावर भांडण बँकेच्या पैशांवर चालतं, डेबिट कार्डावर आपल्या. हॉटेलच्या अनामत रकमेसाठीही क्रेडिट कार्डच. लेकीकडं अमेरिकेत जाणाऱ्यांनी पेट्रोल पंपावरच्या मशीनपेक्षा आत जाऊन काउंटरवर पैसे द्यावेत, तिथल्या पंपांवर स्किमर सापडण्याचं प्रमाण बरंच आहे.

मशीनवर कार्ड ओढायला लागलं तर आधी विचारा, चिप किंवा टॅप चालेल का. टॅपला लोक उगाच भितात. टॅप करताना काळी पट्टी वाचलीच जात नाही आणि आकडाही दरवेळी नवा असतो, म्हणून ओढण्यापेक्षा टॅप कधीही बरं. त्या भीतीपोटी ॲल्युमिनियमची पाकिटं विकली जातात. मलाही एकानं भेट दिलंय. त्यात मी व्हिजिटिंग कार्डं ठेवतो.

टूर मॅनेजर व्हॉट्सॲपवर पासपोर्टचा फोटो मागतो, ते ठीक. कार्डाचा फोटो मागितला तर द्यायचा नाही, 'फक्त बुकिंगपुरता' असला तरी. पुढची-मागची बाजू फोटोत आली की नक्कल करायचीही गरज राहत नाही. पाठीमागचे तीन आकडे पाठ करून त्यावर छोटा स्टिकर चिकटवा.

सिंगापूर, दुबई, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस इथं बऱ्याच दुकानांत यूपीआय चालतं. ॲपमध्ये परदेशी वापर चालू करावा लागतो. जिथं ते चालतं तिथं कार्ड काढूच नका.

७. परत आल्यावर

मुंबईला उतरलात की बॅगा यायच्या आधी परदेशी वापराची सगळी बटणं बंद करा. मी घरी आल्यावर करू म्हटलं, मग सत्यनारायण झाला, मग बियाण्याच्या गाड्या आल्या आणि बटण चालूच राहिलं. तीन आठवडे!

पिन बदला. संशयास्पद ठिकाणी कार्ड वापरलं असेल तर ते बंद करून नवं मागवा, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. पुढचे दोन महिने पासबुक किंवा स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचा. पाच-दहा रुपयांची अनोळखी नोंद दिसली तर सोडून देऊ नका, चोर आधी छोट्या रकमेनं कार्ड जिवंत आहे का ते बघतो.

८. तरीही पैसे गेले तर

क्रम चुकवू नका.

आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक. मग बँकेच्या नंबरवर फोन, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. हा नंबर गुगलवर शोधू नका, तिथं भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. भारतात असाल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मी शाखेत गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "पिन टाकल्याशिवाय पैसे निघत नाहीत. तुम्हीच कुणाला तरी सांगितला असणार." असं ऐकून बरेच लोक मान खाली घालून परत येतात. येऊ नका. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, अशा चोरीत मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांचा भार आपल्यावर. त्यापुढं बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. हे शेवटचं वाक्य मी परिपत्रकाच्या प्रिंटवर पिवळ्या पेनानं रंगवून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. नंतर साहेबांनी मला चहा पाजला, तेही सांगायला पाहिजे.

माझ्या बाजूनं दोन कागद कामाला आले. एक म्हणजे पासपोर्टची पानं, त्यावर भारतात परतल्याचा शिक्का. दुसरी, त्या रात्री साडेनऊला जिंतूर रोडच्या पंपावर त्याच कार्डानं भरलेल्या डिझेलची पावती. रात्री साडेनऊला सेलूत असलेलं कार्ड पहाटे पावणेतीनला परदेशात कसं जाईल, यावर कुणापाशी उत्तर नव्हतं.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील नको.

आणखी एक. तक्रार केल्यावर आठवड्याभरात मला फोन आला, "रिफंड मंजूर झालाय, ओटीपी सांगा." तक्रारीची माहिती त्यांच्यापर्यंत कुठून गेली, देव जाणे. रिफंडला ओटीपी लागत नाही.

सोबत काय ठेवायचं

बरोबर नेण्याच्या वहीत: बँकेचा +९१ चा नंबर, कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे, खाते क्रमांक, घरच्या दोघांचे मोबाईल नंबर. पिन कुठंच लिहायचा नाही, उलटा करूनही नाही.

तक्रारीसाठी: बँकेचा वादग्रस्त व्यवहाराचा फॉर्म, लेखी अर्जाची पोच, मेसेजचे स्क्रीनशॉट, त्या महिन्याचं स्टेटमेंट, पासपोर्टच्या पहिल्या आणि शिक्क्याच्या पानांच्या झेरॉक्स, विमानाचं तिकीट, सायबर तक्रारीचा क्रमांक, आणि त्या दिवशी तुम्ही भारतात होतात हे दाखवणारी कुठलीही पावती.

माझा हा सगळा संच बियाण्याच्या कंपनीनं दिलेल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये गल्ल्याखाली आहे. परिपत्रकाची प्रिंट हवी असेल तर दुकानात या, झेरॉक्स समोरच आहे. फक्त जूनमध्ये सकाळी येऊ नका.